साठ पावलांवरचा मेंढा

मेंढा पळाला नाही.

उलट घसरड्या दगडांवरून तो एक पाऊल खाली उतरला, मग आणखी एक, आणि थेट त्यांच्याकडे बघत उभा राहिला. साठ पावलांवर! शिंगांचा वळसा पुरता, टोकं झिजलेली, छाती एवढी रुंद की दार अडवावं. असला रानमेंढा अमेरिकेतल्या अख्ख्या मोंटाना राज्यात लोकांना दुर्बिणीतूनसुद्धा दिसत नाही, आणि हा पठ्ठ्या जेवायला बोलावल्यासारखा चालत आला होता.

"हलू नकोस," पोटावर झोपलेले आजोबा ओठातल्या ओठात म्हणाले. बंदूक त्यांनी पाठपिशवीवर टेकवली होती. "फोटोवाल्या बाई, श्वाससुद्धा खिशात ठेवा."

ब्रिनने श्वास रोखला.

चूक तिचीच. भूक लागली म्हणून पाव काढायला तिने आपल्या पिशवीची चेन उघडली होती. चर्रर्र आवाज झाला आणि कड्याआडून मेंढ्याचं डोकं वर आलं. सगळा उन्हाळा तो हाच आवाज ऐकत आला होता. चेन वाजली की मीठ! गुरांना चाटायला ठेवतात त्या मिठाच्या विटेचे तुकडे ब्रिन गोठ्यातून उचलून आणायची, खडकावर ठेवायची आणि कॅमेरा डोळ्याला लावायची. जूनमध्ये तो दोनशे पावलं लांब थांबायचा. ऑगस्टमध्ये तिच्या बुटांचा वास घ्यायला लागला. त्यातलाच एक फोटो गावातल्या पशुखाद्याच्या दुकानाने कॅलेंडरवर छापला. आजोबा दुकानात भेटेल त्याला धरून सांगायचे, "आमची ब्रिन सहा-सहा तास दगडासारखी बसते. माझ्यावर गेलीय!" आणि ब्रिन शेजारी उभी राहून हसायची. अगदी छान हसायची.

मग सोडतीत आजोबांचा नंबर लागला. सव्वीस वर्षं ते दर वसंतात अर्ज भरत होते. चौऱ्याहत्तराव्या वर्षी एक रानमेंढा मारायचा परवाना हातात पडला. पत्र वाचून ते स्वयंपाकघरात एकटेच नाचले होते. "तुझा तो कॅलेंडरवाला दाखव मला," एवढंच त्यांनी मागितलं. ब्रिनने त्यांना तीन दिवस मुद्दाम डोंगराच्या पलीकडच्या सोंडेवर फिरवलं. गुडघा पावासारखा फुगला, तरी आजोबांनी हूं की चूं केलं नाही. आज हंगामाचा शेवटचा दिवस. दोघं हात हलवत परत निघालेले. आणि नेमकी आजच तिला इथे भूक लागावी!

"बघ तरी," आजोबा कुजबुजले. आनंदाने त्यांचा आवाज कापत होता. "वारा आपल्याकडून त्याच्याकडे जातोय. आपला वास त्याला लागलाय. तरी येतोय! असं कधी पाहिलं नव्हतं गं मी."

मेंढा आजोबांकडे बघतच नव्हता. तो ब्रिनच्या पिशवीकडे बघत होता. पन्नास पावलं. चाळीस.

गप्प बसलं की झालं होतं. आजोबांना त्यांचा मेंढा मिळाला असता, शिंगं भिंतीवर लागली असती, आणि गुणी नात गुणीच राहिली असती. आजोबांचं बोट बंदुकीच्या चापावर गेलं.

"आजोबा, मी त्याला मीठ घातलंय."

"काय?"

"सगळा उन्हाळा. फोटोसाठी. तो कॅलेंडरवालासुद्धा. मी सहा तास वगैरे कधी बसलेच नाही, आजोबा."

बोट चापावरून मागे आलं. आजोबांनी बंदुकीच्या दुर्बिणीवरून डोळा काढला. मग काडतूस काढून खिशात टाकलं आणि गुडघा धरत ते उठून बसले. मेंढा तरीही हलला नाही.

"मारा ना," ब्रिन रडवेली झाली. "परवाना तुमचा आहे. चूक माझी आहे, तुमची नाही."

"मीठ दाखवून बोलावलेलं जनावर मारू? त्यापेक्षा घरी जाऊन आपल्या कालवडीलाच गोळी घालतो की." ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते नुसतेच एकदम म्हातारे दिसायला लागले. "हा डोंगर सगळ्यांचा आहे, ब्रिन. इथलं जनावर कुणाचंच नसतं. तू याला आपला करून टाकलास."

"सॉरी, आजोबा."

"मला नको सांगूस. पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाचा नंबर लागेल. तो पाव खायला पिशवी उघडेल आणि हा शहाणा चालत जाईल त्याच्यापुढे." त्यांनी हनुवटीने खाली दाखवलं. "दगड उचल."

"मी? तुम्ही मारा ना!"

"मी दगड मारला तर तो मला घाबरेल. त्याचा भरवसा तुझ्यावर आहे; तू मारलास तर माणसाला घाबरेल."

ब्रिन उठली. मेंढा आता वीस पावलांवर होता, कान पुढे करून उभा. तिने मुठीएवढा दगड उचलला, डोळे गच्च मिटले आणि फेकला. दगड घरंगळत मेंढ्याच्या पुढ्यात जाऊन थांबला.

मेंढ्याने मान खाली घातली आणि तो दगड चाटला.

"दुसरा," आजोबा म्हणाले. ते भलतीकडेच बघत होते.

ब्रिनने दुसरा उचलला. पहिल्यापेक्षा मोठा. या वेळी तिने डोळे उघडे ठेवले.