बंद करायचं बटण

बाळ झोपलं की ती माळ्यावरून काढलेल्या जुन्या कॉम्प्युटरशी झटायची. लिनक्स प्रणाली चढवून तिने त्याचा चोवीस तास चालणारा सर्व्हर केला आणि बाळंतपणानंतरचं पहिलं काम, एका दुकानाची वेबसाइट, त्यावर ठेवलं. आज दुकानाच्या मालकिणीचा फोन आला, "साइट उघडतच नाही. बाळामुळे जमत नसेल तर सांगा, दुसरीकडे देते." ती धावली. कोपऱ्यातला कॉम्प्युटर थंडगार होता. "मीच बंद केला," नवरा सोफ्यावरून म्हणाला. "स्क्रीन नाही, पुढे कुणी नाही, नुसता घरघरत होता." "त्याला स्क्रीन लागत नाही!" ती कडाडली. "कोपऱ्यात बसून रात्रंदिवस हाकेला ओ देतो तो, माझ्यासारखा!" "एवढं काय झालं? लाव की पुन्हा." आत बाळाने भोकाड पसरलं. लेकीला आणून तिने त्याच्या मांडीत ठेवलं. "हिचं बटण शोध. नाही सापडलं तरी हाक मारू नकोस. मी बंद आहे."