वाटाड्याची ओळ

जंगलात बेपत्ता झालेल्या संशोधकांच्या सत्यकथा नात मोठ्यानं वाचत होती. एका कथेत आपल्याच रानाचं नाव आलं, तशी तानीबाई तांदूळ पाखडायचं सूप बाजूला सारून पुढे सरकली.

रानफुलं शोधायला शिरलेला गोरा साहेब परतलाच नाही. त्याच्यावर सोळा पानं खर्ची पडली होती. वाटाड्याच्या वाट्याला एकच ओळ आली होती: ‘साहेबाला एकटं टाकून वाटाड्या पळून गेला.’

नात अडखळली. तो वाटाड्या म्हणजे तानीबाईचा बाप. ‘पळपुट्याची पोर’ हे ऐकता ऐकताच तिचे केस पांढरे झाले होते.

“त्या दोघांतलं कोण परत आलं?”

“कोणीच नाही, आजी.”

“मग माझा बाप पळाला, हे बघितलं कोणी?”

नातीनं पान उलटलं. पुढच्या पानावर साहेबाच्या पुतळ्याचा फोटो होता.