कुलपातले किल्ले

बोईसरच्या कारखान्यात नोकरी करत नागोरावांनी तीस वर्षं मुलांसाठी किल्ल्यांच्या गोष्टी लिहिल्या. निवृत्तीनंतर एका शाळेने त्यांना सत्काराला बोलावलं. शाल-श्रीफळ झाल्यावर मुख्याध्यापकांनी मोठ्या अभिमानाने काचेचं कपाट दाखवलं. आत नागोरावांची सगळी पुस्तकं, बाहेर भलंमोठं कुलूप.

"मुलं वाचतात ना?"

"छे हो! दहा वर्षांत एकाही पोराचा हात लागू दिलेला नाही!"

पुस्तकांना मुलांपासून इतकं जपणारी शाळा नागोरावांनी पाहिली नव्हती. तोंडदेखलं हसून ते जड पावलांनी निघाले. फाटकापाशी पाचवीतली चिमी आडवी आली.

"आजोबा, केळव्याच्या किल्ल्याची पुढली गोष्ट कदी लिवणार?"

"तू वाचलीस? कशी?"

चिमी हळूच म्हणाली, "कपाटाला मागून चोरदरवाजा हाय. आमीच केलाय."