नावाशिवाय शोधू नये

“कामगाराचे पूर्ण नाव सांगा.”

“घरचे.”

“‘घरचे’ या नावाचा कामगार नोंदीत नाही. धन्यवाद.”

आणि फोन बंद.

लॅपटॉपवर हा संवाद वाचून आचलला आधी हसूच आलं. मग तिनं त्याच्या खालचा वाचला, त्याच्याही खालचा. कोणाचाही नंबर तिला दिसत नसे, पण बाई तीच असावी. रोज दुपारी फोन करायची. कधी ‘घरचे’ म्हणायची, कधी ‘पोरीचा बाप’. फोनवरचा एजंट तेच नाव समजून शोधायचा आणि सापडत नाही सांगून मोकळा व्हायचा. एकदा बाई चिडून म्हणाली होती, “नाव कसं घेऊ वं मी त्याईचं?” त्यावर एजंटनं पुन्हा नम्रपणे नावच विचारलं.

बाहेरगावी कामाला गेलेल्या माणसांचा ठावठिकाणा लागावा म्हणून एका संस्थेनं ही हेल्पलाइन काढली होती. नंबर गावोगावच्या भिंतींवर रंगवला होता. फोन उचलायचा एआय एजंट, आवाज मात्र बाईचा. माणूस शोधायला त्याच्या हाती ‘कामगार शोधा’ नावाचं साधन दिलेलं. ते कधी वापरायचं, कसं वापरायचं, आधी काय विचारायचं, हे साध्या भाषेत लिहून देणं ही आचलची नोकरी. बोदलकसाला, आपल्या गावी, घरी बसून ती हे करायची. एआय झाला तरी शेवटी सांगकाम्याच, लिहिलं तेवढंच करणार. आणि तिनंच लिहून ठेवलं होतं, ‘पूर्ण नाव आवश्यक. नावाशिवाय शोधू नये.’

तिला स्वतःचाच राग आला. पुण्या-मुंबईच्या कोणी हे लिहिलं असतं तर एक वेळ चाललं असतं. तिच्या मायनं, नंदाबाईनं, जन्मात कधी नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. दवाखान्यात कोणी विचारलं की ती आचलला कोपरानं ढोसायची आणि पोर सांगायची, सुखराम.

आता तर तेही बंद होतं. आचलचे बाबूजी हैदराबादकडं बांधकामावर गेले. आधी दिवाळीला यायचे, गावची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, पाहूनच परत जायचे. मग यायचे थांबले. मग फोनही लागेनासा झाला. एका मंडईला सगळं गाव नाटक पाहायला गेलं, तेव्हा नंदाबाईनं चुलीपुढं बसून पोरीला बजावलं, “आजपासून त्या माणसाचं नाव या घरात निघालं नाही पायजे. आपल्यासाठी मेला तो.”

आचलनं ऐकलं. इतकं ऐकलं की नोकरी लागल्यापासून कामगारांची ती नोंद समोर उघडी असूनही तिनं त्यात बाबूजींचं नाव टाकलं नव्हतं. बोटं मात्र वळवळायची. बाबूजींची तिला फार आठवण यायची. सापडले नाहीत तर काय, ही एक भीती. सापडले तर मायला कोणत्या तोंडानं सांगायचं, ही दुसरी.

तिनं नागपूरला दुर्गेश सरांना फोन लावला. हे काम त्यांच्याच हाताखाली चालायचं.

“नावाची अट काढली तर तो भलत्यालाच शोधून देईल,” सर म्हणाले.

“सर, आमच्याकडच्या बाया मरतील, पण नाव घेणार नाहीत.”

“बरं, लिही. पण आजच घरातल्या कोणाकडून तपासून घे. त्यांना बोलता आलं तर ठेवू. नाही तर जुनंच राहील.”

म्हणजे आज जमलं नाही, तर ती बाई उद्याही तसाच फोन ठेवणार होती. आचल लिहायला बसली. ‘बाई नवऱ्याला शोधत असेल तर नाव मागू नये. ती घरचे म्हणाली तर ते नाव नव्हे. गाव, काम, मुलंबाळं, घरून कधी निघाले, हे एकेक करून विचारावं. घाई करू नये. ती गप्प राहिली तर थांबावं.’ लिहिताना तिचे डोळे भरून आले. निदान त्या बाईला तरी आपल्यासारखं झुरत बसावं लागू नये, एवढंच तिला वाटत होतं.

नंदाबाई धानाची मळणी करून आली. अंगावर सगळा भुसा होता.

“माय, या फोनवर थोडं बोलून पाह्य ना.”

“मी काय बोलू? मले कोणाले शोधाचं हाय?”

“खोटंखोटंच बोल. माह्या नोकरीचं काम हाय.”

नंदाबाईनं पदराला हात पुसले आणि कुरकुरत फोन घेतला. आचलनं स्पीकर सुरू केला.

“नमस्कार,” एजंटचा आवाज आला. “तुमचं माणूस कोणत्या गावचं? निवांत सांगा.”

नंदाबाईनं फोन दूर धरला, उलटा करून पाहिला, पुन्हा कानाला लावला. झालं, माय बिथरली, आचलला वाटलं. आता जुनंच राहणार.

“काऊन वं आचल,” नंदाबाई हळूच म्हणाली, “रोज त पयले नावच इचारते हे बाई. आज काऊन नाही इचारून राह्यली?”