पाण्यात ठेवलेला येशू

कपाट उघडलं, तर आत येशू नव्हता.

सिस्टर लुसियाने मूर्ती घासायला आणलेला चिंचेचा गोळा खाली ठेवून पुन्हा नीट पाहिलं. मेणबत्त्या होत्या, धूपदान होतं, मूर्ती तेवढी नव्हती. आज गुरुवार होता आणि रविवारी ईस्टर.

मूर्ती हातभर उंचीची, पितळेची, मेलेल्यांतून उठलेल्या येशूची. मिशनच्या पहिल्या फादरनी ती साताऱ्याच्या एका ओताऱ्याकडून करून घेतली होती, त्यामुळे येशूच्या मिशा थेट सरदारासारख्या वळल्या होत्या. कोरेगावजवळच्या या शाळेत बहुतेक पोरं ऊसवाल्यांची. त्यांना तोच येशू आपला वाटे. वर्षभर तो कपाटात असे आणि ईस्टरच्या पहाटे वेदीवर उभा राही. पोरं झेंडूच्या माळा घेऊन येत.

कपाटाची किल्ली मदर स्कोलास्टिकांच्या कमरेला असायची. झाडलोटीसाठी शालूबाई तेवढी ती मागून घेई.

लुसिया शोधत शोधत मागच्या जुन्या न्हाणीघरात गेली. तिथे एक तांब्याचं घंगाळ होतं, त्यावर जांभळं कापड. या दिवसांत देवळातल्या सगळ्याच मूर्ती जांभळ्या कापडाखाली असतात, पण घंगाळाला कशाला? तिने कापड उचललं. आत काठोकाठ पाणी आणि पाण्याच्या तळाशी येशू. झरोक्यातून आलेलं ऊन पाण्यात हलत होतं, त्यामुळे तो झोपेत श्वास घेतोय असं वाटलं. लुसिया किती वेळ तशीच उभी होती, तिचं तिलाच कळलं नाही.

देव पाण्यात घातलेत, असं तिने लहानपणी वसईत शंभरदा ऐकलं होतं. डोळ्यांनी आज पाहिलं. आणि कोणी घातला असेल हे कळायला तिला फार डोकं चालवावं लागलं नाही.

शालूबाईचा एकुलता एक सयाजी फौजेत होता. डिसेंबरात सीमेवरच्या लढाईत तो हरवला. मेला म्हणून तार नाही, जगला म्हणून पत्र नाही. शालूबाई कुंकू लावावं तशी नेमाने रोज सकाळी वेळेवर येई, वर्ग झाडी आणि एक अक्षर बोलत नसे. तिचं ते न बोलणं लुसियाला सहन होत नसे.

मदरना कळलं तर काय होईल? मागच्या परीक्षेत एका पोराने पास होण्यासाठी मरियामातेला नारळ बोलला होता, तर मदरनी अख्ख्या वर्गाला सुनावलं होतं, देव म्हणजे काही बाजारातला भोपळा नव्हे घासाघीस करायला. शालूबाईची नोकरी गेली तर ती खाणार काय, आणि त्याहून मोठं म्हणजे, जाणार कुठे?

लुसियाने कापड पुन्हा नीट अंथरलं.

संध्याकाळी मदरनी विचारलं, मूर्ती घासून झाली का.

"झाली, मदर," लुसिया म्हणाली. पवित्र सप्ताहात ती खोटं बोलली.

मदरनी तिच्याकडे जरा वेळ पाहिलं. "बरं," म्हणाल्या आणि जपमाळ घेऊन निघून गेल्या.

या सप्ताहात गुरुवारपासून ईस्टरपर्यंत देवळाची घंटा वाजत नाही, तिच्याऐवजी नुसती लाकडी पट्ट्यांची खटखट. त्या खटखटीत शाळा, आवार, बाहेरचा ऊस, सगळं झोपेत चालल्यासारखं झालं. विहिरीचं पाणी तळाला गेलं होतं, तरी लुसिया आपल्या अंघोळीतलं तांब्याभर पाणी वाचवून न्हाणीघरात नेई. पण घंगाळ दर वेळी भरलेलंच असे.

शुक्रवारी तिला राहवलं नाही. शालूबाई वऱ्हांडा पुसत होती. लुसियाने सहज विचारल्यासारखं विचारलं, पाण्यात घातलेला देव कधी काढतात?

शालूबाई फडकं पिळत राहिली. "मनातलं झाल्याबिगर काडायचा नस्तो, सिस्टर. आन् ज्यानं घातला, त्यानंच काडायचा. दुसऱ्यानं हात लावायचा न्हाई."

एवढं बोलून ती पुढच्या वर्गात गेली. लुसियाला वाटलं, बाईने आपल्याला विश्वासात घेतलं.

म्हणजे रविवारी वेदी रिकामी राहणार. शनिवारभर लुसियाने मनाची तयारी केली. मूर्ती माझ्या हातून पडली, दुरुस्तीला दिली, असं सांगायचं. बोलणी खायची. सयाजीसाठी एवढं तरी आपण करू शकतो, असं वाटून तिला रडू आलं, आणि बरंही वाटलं.

रविवारी उजाडताना ती खाली आली. साताऱ्याहून येणाऱ्या फादरची जीप नेहमीपेक्षा लवकर येऊन उभी होती. दारात पोरं माळा घेऊन कुजबुजत होती. लुसिया त्यांच्यातून वाट काढत आत शिरली.

वेदीवर येशू उभा होता, नखशिखान्त ओला. मिशांवरून पाणी ठिबकत होतं.

काढला! म्हणजे मनातलं झालं. लुसिया तशीच मागे पळाली. शालूबाई पायरीवर झाडू घेऊन बसली होती. लुसियाने तिचे दोन्ही हात धरले.

"सयाजीचं कळलं ना? काय कळलं, शालूबाई?"

शालूबाईने तिच्याकडे पाहिलं. डोळे कोरडे होते. "कसलं कळतंय, सिस्टर? मी तर आपले देव कवाच गाठोड्यात बांधून ठिवल्यात. कुनाला पान्यात घालू आता?"

लुसियाने तिचे हात सोडले. तेवढ्यात मागून पावलं वाजली. मदर स्कोलास्टिका चक्क धावत येत होत्या, आजवर त्यांना धावताना कोणी पाहिलं नव्हतं.

"शालूबाई, ऊठ. फादरनी निरोप आणलाय. सयाजी जिवंत आहे, सीमेपलीकडे कैदेत आहे."

आणि त्यांनी शालूबाईला उठवायला हात पुढे केले, तेव्हा त्यांच्या झग्याच्या दोन्ही बाह्या कोपरापर्यंत ओल्या होत्या.