गाण्यासाठी रजा

खालच्या आळीतल्या बायांच्या गौरीच्या नाचाचं नवं गाणं दरसाल पंढरीच रचायचा. यंदा मात्र कामतघरला कापडाच्या कारखान्यात लूमच्या खडखडाटात डबल ड्युटी करून त्याच्या डोक्याचा पार भुसा झाला होता, आणि वरच्या आळीचं गाणं तर बसलंसुद्धा! शेवटी आठ दिवसांची रजा टाकून तो खारबावला घरी आला. आधी पोटभर झोपायचं, मग गाणं सुचेल आपसूक.

पण घरात इतकी शांतता, की डोळाच लागेना. तिसऱ्या दिवशी त्याच्या बायकोनं, राहीबाईनं, ओटीवर भात कांडायला घेतला आणि मुसळाच्या त्या एकसारख्या ठोक्यावर गडी घोरायलाच लागला. मुसळ थांबलं की दचकून उठायचा, "लाईट गेली काय?" मग काय, बिचारी कांडतच राहिली. तिचे हात भरून आले तशा शेजारच्या बाया पाळीनं मुसळ धरू लागल्या.

आठव्या दिवशी पंढरी ताजातवाना होऊन कागद-पेन्सिल घेऊन बसला. "राही, आता बघ कसं फर्मास गाणं रचतो!"



"गाणं कवाच झालं. कांडता कांडता आमीच जुळवलं, समद्या बायांना पाठबी हाय," राहीबाई म्हणाली. "तुमी पुढल्या साली पन असंच झोपायला या."