समानता कक्षाची जागा

"मी उठणार नाही," ग्रिसेल्दा म्हणाली आणि बाकावर आणखी घट्ट बसली.

मालिंचे डोंगरावरचा वणवा विझवून ती नुकतीच अग्निशमन केंद्रात परतली होती. तोंड काजळीनं माखलेलं, बुटांत पाणी. येऊन बघते तर बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीतले चारही लॉकर बाहेर बोळात काढलेले, आत उरला फक्त हा बाक. दारावर नवी कोरी पाटी: स्त्री-पुरुष समानता कक्ष. जांभळी फीत बांधायचीच काय ती राहिली होती. महापौर पाच मिनिटांत ती कापायला येणार होते.

या खोलीसाठी केंद्रातल्या बायकांनी नऊ वर्षं अर्ज केले होते. ती मिळेतोवर त्या बंबामागे, एकमेकींसमोर चादर धरून कपडे बदलत.

कमांडर उबाल्दो दारात घाम पुसत उभे होते. "अगं पोरी, तुमच्यासाठीच तर हा कक्ष उघडतोय! कपडे काय, संडासातसुद्धा बदलता येतात. मॅडम, तुम्हीच सांगा हिला. बायकांचं बायकांना कळतं."

मॅडम म्हणजे आंपारो, या कक्षाची प्रमुख. तिचा नोकरीचा पहिलाच दिवस. ती बोळाकडे बघत होती. एका लॉकरचं दार उघडं पडलं होतं, त्यातले आत घालायचे कपडे येणारेजाणारे मान वळवून पाहत होते. तिची कानशिलं तापली.

"तिला नाही, तुम्हालाच सांगते," ती म्हणाली. "फीत तुमच्या केबिनला बांधा."

"माझ्या? आणि मी कुठं बसू?"

बाहेर बँड वाजायला लागला. आंपारोनं पाटी स्वतः उचकटली आणि केबिनच्या दारावर नेऊन लावली.

महापौरांनी फीत कापली. कॅमेऱ्यांसमोर कमांडरच्या पाठीवर थाप मारली. "स्वतःची केबिन दिलीत! असे पुरुष हवेत आपल्याला." कमांडरचे दात दिसले, हसू दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कक्षाकडे पहिली तक्रार दाखल झाली. तक्रारदार: कमांडर उबाल्दो. विषय: पुरुष असल्यामुळे हक्काची जागा हिरावली.

आंपारोनं ग्रिसेल्दाला बोलावून अर्ज तिच्या हातात दिला. ग्रिसेल्दा शेवटच्या छापील प्रश्नापाशी थांबली. 'हा त्रास किती काळ सोसत आहात?'

पुढं कमांडरनी ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: 'कालपासून. आता सहन होत नाही.'